पोलीस काका, फोन उचला!

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मंगळवारी माझ्या आठवीतल्या पोराच्या ओठाला तीन टाके पडले. शाळेसमोरच्या पानठेल्यावर पोरांना खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, मिळतो, एवढंच त्यानं बाईंना सांगितलं होतं. शाळा सुटल्यावर ठेल्यावरच्या पोट्ट्यांनी त्याला गाठलं.

शाळेच्या भिंतीवर 'पोलीस काका'चा, म्हणजे शाळेसाठी नेमलेल्या पोलिसाचा, फलक आहे. तो लागला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, दर महिन्याला चक्कर मारू असा शब्द मिळाला. काका त्यानंतर दिसले नाहीत. मंगळवारी मी फलकावरचा नंबर सात वेळा लावला. बंद.

ठाण्यात म्हणाले, शाळेनं लेखी द्यावं. मुख्याध्यापक म्हणाले, लेखी दिलं की शाळेची बदनामी होते. ठेला रस्त्यावर म्हणून महापालिकेकडे जा, तंबाखू आहे म्हणून अन्न व औषधवाल्यांकडे जा. मीच फिरायचं, टाके पडलेलं पोरगं घेऊन!

शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकता येत नाही. माझ्या पावलांनी ठेला साठावर आहे, आणि माझी पावलं तोकडी. दंड किती, तर 200 रुपयांपर्यंत! तेवढे मधल्या सुटीत खर्ऱ्याच्या चार पन्न्या घोटून निघत असतील. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 लावा ना. पोराला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. हे सांगितलं तर हवालदार हसले, "म्याडम, वकील आहात काय?" नाही हो, ब्लाउज शिवते. लग्नसराईत तीन दिवस मशीन बंद आहे, त्याची भरपाई कोणत्या कलमात बसते?

डिसेंबरात अधिवेशन आलं की बंदोबस्ताला राज्यभरातून पोलीस नागपुरात उतरतात. विधानभवनाभोवती पावलोपावली खाकी. शाळेसमोर मधल्या सुटीत एक शिपाई मागितला की मनुष्यबळ कमी! 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तेव्हा शासन निर्णय निघाला: कॅमेरे लावा, तक्रारपेटी लावा. आमच्याकडे पेटी लागली. किल्ली कोणाकडे, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक नाही. तुम्हाला पोरं सांभाळायची आहेत की फलक मोजायचे आहेत?

फलकावर चालू नंबर टाका आणि त्या ठेल्यावर कलम 77 लावा. सोमवारी पोराला शाळेत पाठवायचं आहे. तो म्हणतो, "आई, आता कोणाला काही सांगू नको." ठेला आजही उघडा होता.

आठवीतल्या पोराची आई,
दक्षिण नागपूर