रेंजर्सच्या लेखामागच्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

मंडळाच्या स्मरणिकेत ‘किचनर रेंजर्स’वरचा माझा लेख छापून आला. पानं कमी पडली म्हणून संपादकांनी शेवटचा परिच्छेद कापला, आणि तुमच्या वाट्याला ‘माहितीबद्दल काकूंचे आभार’ एवढी एक ओळ आली. लेख आवडल्याचे फोन मात्र मलाच येतायत. लोकांना जे आवडलंय ते बहुतेक तुमचंच आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेंजर्स हा कॅनडातल्या किचनर गावचा, ओंटारियो हॉकी लीगमधला आइस हॉकीचा संघ आहे. सोळा ते वीस वयाची मुलं त्यात खेळतात. घरापासून लांब आलेली मुलं गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतात, इथल्याच शाळेत जातात आणि हिवाळाभर बसने गावोगाव फिरून सामने खेळतात. तीन-चार वर्षांत त्यातली दोन-चार एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये जातात, बाकीची कॉलेजला किंवा नोकरीला लागतात. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, ही त्यातली बरी गोष्ट. वाईट गोष्ट तुम्हीच दाखवलीत: सतरा वर्षांच्या पोराची भर हंगामात दुसऱ्या संघाशी अदलाबदल होते, आणि सोमवारी त्याला नवं घर, नवी शाळा.

लेखाचा विचार मी बोलून दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, “खेळाडूंचा इतिहास लिहायला जाशील तर दमशील. पोरं चार वर्षांत जातात. राहतो आम्ही, वरच्या खुर्च्यांवर बसलेलो. आम्हाला विचार.” सगळा लेख मग त्याच वाटेने गेला.

तोवर माझ्या वहीत सनावळी होती. शेजारच्या ग्वेल्फ गावचा बिल्टमोर मॅड हॅटर्स हा मूळ संघ. टोप्या बनवणाऱ्या बिल्टमोर कंपनीने पोसलेला, म्हणून असलं नाव. एनएचएलमधल्या न्यूयॉर्क रेंजर्सच्या हाताखालचा हा संघ १९५२ साली रेजायना पॅट्सना हरवून मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर संघांचा सर्वांत मोठा करंडक, जिंकला. अँडी बाथगेट, हॅरी हॉवेल, डीन प्रेंटिस ही मंडळी त्यातली. पुढे रॉड गिल्बर्ट तिथेच खेळत असताना प्रेक्षकांनी बर्फावर टाकलेल्या कचऱ्यावरून घसरला आणि त्याचा मणका मोडला. तरीही तो न्यूयॉर्कला जाऊन हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. १९६० साली संघाचं नाव ग्वेल्फ रॉयल्स झालं आणि १९६३ साली युजीन जॉर्ज आणि त्यांच्याबरोबरच्या गावकऱ्यांनी तो किचनरला आणला.

हे सगळं बरोबरच होतं, पण तुम्ही विचारलंत, “त्याआधी किचनरला संघ नव्हता काय?” होता की. कनक्स नावाचा ज्युनियर संघ होता आणि १९५६ साली तो उचलून पीटरबरोला नेला. आज ‘पीट्स’ म्हणून जो नावाजलेला संघ आहे, तोच हा. इकडे १९५१ साली महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं मेमोरियल ऑडिटोरियम, आपलं ‘ऑड’, नवंकोरं उभं, आणि मोठा ज्युनियर संघ गावाबाहेर गेलेला. एकदा घरातून गेलेली वस्तू परत मिळाली की माणूस ती दोन्ही हातांनी धरतो, तसं या गावाने पुढे रेंजर्सना धरलं. हा धागा मला कुठल्याही यादीत दिसला नसता.

गावाचंही तसंच. १९१६ पर्यंत याचं नाव बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नकोसं झालं, आणि नाव दिलं ते लॉर्ड कर्झनशी भांडलेल्या त्या लष्करप्रमुख किचनरचं, ज्याला आपण शाळेच्या इतिहासात भेटलो होतो. “तो इथं पण आधीच येऊन बसलाय बघ,” असं तुम्ही म्हणालात ते संपादकांनी कापलं. इथे परत घालते.

१९६७च्या सुमारास एनएचएलचा विस्तार झाला आणि ज्युनियर संघ पोसायची जुनी पद्धत मोडीत निघाली. न्यूयॉर्कने हात काढून घेतल्यावर रेंजर्स कुणा धनिकाच्या खिशात जाऊ शकले असते. तसं झालं नाही. संघ गावाचाच राहिला, नफा न वाटणारा. आजही हंगामाचं तिकीट घेणारे लोक मत देतात आणि त्यातून ३९ जणांचं संचालक मंडळ निवडून येतं. हे मला कळत होतं, पण पटत नव्हतं. व्यावसायिक खेळात मालक नाही म्हणजे काय? तेव्हा तुम्ही कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉल संघच काढलेत. “पाटाकडील कुणाची? खंडोबा तालीम कुणाची? दिलबहार कुणाची? मालक हाय काय कोण? पेठेची हाय. शाहू स्टेडियमवर हरली तर अख्ख्या पेठेला जेवण जात नाही. तसंच हे.” तिथल्या फुटबॉलवेड्या पोरांना तालमीचे रंग अंगावर घेऊन फिरताना ज्याने पाहिलंय, त्याला रेंजर्स समजवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. लेखातला सगळ्यात जास्त वाचला गेलेला परिच्छेद तोच आहे, काकू.

आता त्या डब्याबद्दल. बटर बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलात तेव्हा मला वाटलं आत सुईदोरा असेल. आत तिकिटांचे अर्धुकले तुकडे, रबरबँड लावलेले, आणि खाली १९८१-८२ च्या हंगामाची सामन्यांची पुस्तिका. खेळाडूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने मराठीत आकडे. गोलसाठी उभी रेघ, पाचव्याला आडवी. ब्रायन बेलोजपुढच्या रेघा समासाबाहेर गेलेल्या. स्कॉट स्टीव्हन्सपुढे ‘गावचा’ एवढंच. आणि अल मॅकिनिसच्या पुढे तुमच्या अक्षरात ‘गोळी’. तेव्हा त्या पोराला गावाबाहेर कोण ओळखत होतं? पुढे त्याचा तो जोरकस फटका सगळ्या एनएचएलने धास्तीने ओळखला. मॅकिनिस आणि स्टीव्हन्स २००७ साली एकाच समारंभात हॉल ऑफ फेममध्ये गेले. तुमच्या पेन्सिलीने ते पंचवीस वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं.

काका टायरच्या कारखान्यात होते, आणि त्यांच्या फोरमनने दिलेल्या दोन तिकिटांवर तुम्ही पहिल्यांदा ऑडमध्ये गेलात, हे तुम्ही सांगितलंत. पहिल्या सामन्यात कळलं काय? “काही नाही. पण आत गरम होतं, आणि इतकी माणसं एकदम इथं पहिल्यांदाच बघितली.” इतिहासाच्या लेखात हे लिहावं का, असा प्रश्न मला पडला होता. आता वाटतं, यावरच लेख सुरू करायला हवा होता.

१९८१ साली विंडसरमध्ये झालेला मेमोरियल कपचा अंतिम सामना किचनरने कॉर्नवॉलकडून गमावला. पुढच्याच वर्षी क्वेबेकमधल्या हल गावी, जो क्रोझियर हे प्रशिक्षक असताना, शेरब्रूकला ७-४ असं हरवून किचनरने पहिला मेमोरियल कप आणला. १९८४ साली स्पर्धा खुद्द ऑडमध्ये होती, आणि ऑटावाने घरात येऊन ७-२ ने धुतलं. त्याबद्दल तुम्ही अजूनही दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही. १९९० बद्दल मात्र भरभरून बोललात. हॅमिल्टनच्या कॉप्स कोलिझियममध्ये सतरा हजारांवर माणसं, समोर ओशावाचा एरिक लिंड्रॉस, सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला आणि ४-३ ने हरलो. (‘हरलो’ हे तुमचंच. मी ‘हरले’ लिहिलं होतं, तुम्ही खोडलंत.) घरी परतताना गाडीत कोणी बोललं नाही आणि काकांनी वाटेत कॉफीसाठीसुद्धा गाडी थांबवली नाही, एवढं सांगून तुम्ही पुस्तिकेचं पान उलटलंत.

२००३ चा दुसरा कप माझ्या लेखात दोन ओळींत आलाय, तो मुद्दाम. पीटर डीबोअर प्रशिक्षक, डेरेक रॉय स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, माइक रिचर्ड्स, ग्रेगरी कँपबेल, हलवर ६-३ असा विजय. हे कुणालाही सापडतं. २००८ मात्र फक्त तुमच्यामुळे जिवंत झालं. स्पर्धा पुन्हा ऑडमध्ये, अंतिम सामन्यात स्पोकेनने ४-१ ने हरवलं, आणि त्यांची पोरं करंडक एकमेकांच्या हातात देत असतानाच तो मोडून दोन तुकडे झाले! ती प्रतिकृती होती, खरा कप सुखरूप होता, पण ऑडमध्ये क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकला. “आमच्या घरात येऊन आमच्या नाकासमोर कप मोडला. निदान जिंकलेला तरी नीट धरायचा,” हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं छापलं. मंडळात आता ते म्हणीसारखं वापरतात.

एका बाबतीत आपलं जमलं नाही, आणि ते पत्रात लपवायचं कारण नाही. मारामारी हा खेळाचा भाग आहे, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. मी बेन फनेलीचं नाव काढलं. ऑक्टोबर २००९, याच ऑडमध्ये, ईरीच्या वीस वर्षांच्या खेळाडूने सोळा वर्षांच्या बेनला कडेच्या काचेवर असं धडकवलं की हेल्मेट निघून गेलं आणि कवटी फुटली. लीगचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड ब्रँच यांनी धडक देणाऱ्याला अख्ख्या हंगामासाठी बाहेर काढलं. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, “मी तिथं होतो. त्या दिवशी मी पण ओरडलो नाही.” पुढे तुम्हीच सांगितलंत की बेन जवळजवळ दोन वर्षांनी परत खेळायला उतरला, नंतर कर्णधारही झाला, आणि मेंदूच्या दुखापतीबद्दल गावोगाव बोलत राहिला. मारामारीबद्दलचं तुमचं मत बदललेलं नाही. माझंही नाही. पण लेखात दोन्ही बाजू आल्या त्या यामुळे.

ग्रंथालयातली दुपारही राहिलीच. किचनर पब्लिक लायब्ररीतल्या ग्रेस श्मिट रूममध्ये तुम्ही माझ्याबरोबर आलात, गुडघा दुखत असताना. ‘रेकॉर्ड’ या इथल्या वर्तमानपत्राचे जुने अंक मायक्रोफिल्मवर. मी बातम्या शोधत होते, तुम्ही जाहिराती वाचत होतात. “हे दुकान होतं बघ किंग स्ट्रीटवर. काकांनी इथनं कोट घेतला.” मला आधी वाटलं वेळ चाललाय. पण त्याच जाहिरातींच्या शेजारी सामन्यांची वेळापत्रकं होती आणि बातम्यांमध्ये न सापडलेल्या माझ्या दोन तारखा तिथेच सापडल्या.

खेळ बघायलाही तुम्हीच शिकवलंत. चाळीस-पन्नास सेकंदांत सगळा ताफा बदलतो, कडेचा कठडा ओलांडून पाच पोरं आत पडतात आणि पाच धापा टाकत बाहेर येतात, हे मला दिसतच नव्हतं. मी पकच्या, म्हणजे हॉकीतल्या त्या काळ्या चकतीच्या, मागे डोळे फिरवत बसायचे. तुम्ही माझी मान धरून बाकाकडे वळवलीत. “पक सोड. कोण दमलंय ते बघ. गोल तिथनं होतो.” गॅब्रिएल लँडेस्कॉग इथे कर्णधार असताना, म्हणजे संघाच्या इतिहासातला पहिला युरोपीय कर्णधार, तो दमलेल्या पोरांना कसं लवकर बोलावून घ्यायचा ते तुम्ही नक्कल करून दाखवलंत. पुढे तो कोलोराडोचा कर्णधार म्हणून २०२२ साली एनएचएलचा स्टॅनली कप उंचावताना दिसला, तेव्हा तुमचा फोन आला, “बघितलास काय आमचा पोरगा?” फोनवर मागे चहा उतू जात होता.

डबा माझ्याकडे आहे. सगळी पानं स्कॅन करून झाली, तुकडे होते त्याच क्रमाने परत बांधलेत. रबरबँड मात्र नवे लावले, जुने हाताला लागताच तुटत होते. रविवारी आणून देते. पुस्तिकेची एक प्रत मी ग्रेस श्मिट रूमला देऊ का, ते सांगा. तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट द्यायची म्हणते आहे, पण ‘गोळी’ आणि बाकी शेरे तिथल्या लोकांना समजावून सांगायला तुम्हाला यावं लागेल.

आणि हो, यंदापासून माझंही हंगामाचं तिकीट आहे. तुमच्या शेजारची जागा मिळाली नाही, दोन रांगा मागे आहे. संचालक निवडायच्या सभेला मात्र बरोबर जाऊ. कुणाला मत द्यायचं ते गाडीत सांगा, ऐकेनच असं नाही.

तुमची,
दोन रांगा मागची