बालविभागाच्या भिंतीवर अजून तीसच जिल्हे : सभासद व हितचिंतकांना आवाहन

स.न.वि.वि.

पत्र घाईत लिहितो आहे, अधिक-उणे झाल्यास सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात सामान्यज्ञान स्पर्धेत आपल्या वाचनालयाच्या बालविभागातल्या सातवीतल्या एका मुलीनं महाराष्ट्रात तीस जिल्हे असं लिहिलं. गुण गेला. घरी जायच्या आधी ती इथे आली, नकाशापुढे उभी राहून बोटानं जिल्हे मोजले आणि म्हणाली, "काका, इथे तर तीसच आहेत." खरंच तीस आहेत! नकाशा ऐंशीच्या दशकातला. त्यात वाशीम नाही, नंदुरबार नाही, हिंगोली, गोंदिया नाहीत, 2014 चा पालघर तर सोडाच. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं त्यात कुठून असणार? आज जिल्हे 36 आहेत. पोरीचं काही चुकलं नव्हतं, तिला तो नकाशा दाखवणारे आम्हीच.

पण त्या नकाशाला नावं ठेवायला जीभ वळत नाही. ज्या गुरुजींनी तो पदरच्या पैशानं आणला, कापड लावून खाली-वर लाकडी दांड्या ठोकून घेतल्या, त्यांच्या हाताखाली या गावातल्या दोन पिढ्या शिकल्या. 1 मे 1960 ला राज्य झालं तेव्हा 26 जिल्हे होते, हे ते छडीनं एकेक दाखवत पाठ करून घेत. पेठेतल्या किराणावाल्या शेटजींनी बालविभागाला कपाट दिलं आणि वर "नाव घालू नका" असा दम भरला. पोस्टातल्या ताईंनी निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे नाकारून शंभर पुस्तकं दिली. अंगणातला ताम्हण तालमीजवळच्या आजींनी लावला, दोन उन्हाळे स्वतः कळशीनं पाणी घातलं. आता एप्रिल सरता सरता तो जांभळा होतो. पाकळ्या अशा, की कुणीतरी झिरमिरीत कागद मुठीत चुरगाळून पुन्हा उलगडलाय. 1 मे ला मुलं राज्यपुष्प बघायला पुस्तक उघडत नाहीत, अंगणात जातात. आजी आज नाहीत.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दर शनिवारी चालणारा 'आपलं राज्य' हा वर्ग याच धर्तीवर आहे. पाठांतर मुलांना येतंच. राज्यप्राणी? शेकरू. राज्यपक्षी? हरियाल. राज्यवृक्ष? आंबा. धडाधडा. पण शेकरू काढायला सांगितलं तर निम्म्या वह्यांत पाठीवर तीन पट्टे असलेली अंगणातली खार! हरियालचं तर हसावं की रडावं कळेना. एसटी स्टँडमागच्या पिंपळाला फळं आली की थवाच्या थवा येतो, पोरं खालून जाताना "पोपट, पोपट" ओरडतात. निवृत्त वनपाल काकांनी सगळ्यांना तिथे उभं करून दुर्बीण हातात दिली. "पाय बघा, पिवळे. चोच बघा, पोपटाची आहे का? हे हिरवं कबूतर." दुर्बीण एकच होती, रांग लागली. पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला, हे बाजारातल्या मासळीवालीलाही मुलांनीच सांगितलं. तिनं भाव कमी केला नाही, ही गोष्ट वेगळी.

राज्यगीत रोज परिपाठाला म्हणतात. ते राजा बढ्यांनी लिहिलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल लावली, शाहीर साबळ्यांनी गायलं, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. आता आहे.

राहिलाय तो शेकरू. घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जायचं, झाडाच्या शेंड्याशी त्याचं काटक्या-पानांचं घरटं बघायचं आणि नशीब असेल तर तो तांबूस-तपकिरी झुपकेदार शेपटीचा गडी या झाडावरून त्या झाडावर झेपावताना बघायचा. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतो. वनपाल काका सोबत येणार आहेत, मानधनाचा विषय काढला तर चिडले.

एक बोलून टाकतो. गेल्या वर्षी याच कामासाठी सर्व सभासदांना पत्रं घरपोच दिली. उत्तरं आली अकरा. त्याच पंधरवड्यात चौकातल्या स्वागतकमानीची वर्गणी एका रात्रीत जमली. कमानीला विरोध नाही, आम्हीही पावती फाडली. फक्त वाटलं ते लिहिलं. सहल रद्द झाल्याचं मुलांना सांगायला मात्र मलाच उभं राहावं लागलं.

खर्च : 45 मुलांची बस 18,000, नवा नकाशा चौकटीसह 4,500, माहितीपुस्तिकेच्या 120 प्रतींची छपाई 9,500, एकूण रु. 32,000. जमा 7,400, हवेत 24,600. सहल जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, बसची आगाऊ रक्कम 20 डिसेंबरपूर्वी भरायची आहे. फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. रोख, धनादेश चालेल, क्यूआर कोड काउंटरवर लावला आहे. जुनी पण चालू दुर्बीण दिलीत तरी सोन्याहून पिवळं. वेळ सायं. 5 ते 8, सोमवार बंद. पावती मागून घ्या, गर्दीत आमच्याकडून राहते. जुना नकाशा टाकणार नाही, नव्याच्या शेजारीच लावू. मुलांनी सहा जिल्हे कुठून आले ते स्वतः शोधावं.

आपला,
कार्यवाह
(बालविभागाकरिता)