विषय: फिगरच्या सांध्यातला रंग निघणे – तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या १:१२ मापाच्या, साधारण १५ सेंटिमीटर उंचीच्या योद्ध्याच्या फिगरचे (सांधे हलवता येणाऱ्या प्लास्टिकच्या मूर्तीचे) एकाच बॅचमधले तीन नग आम्ही तिघांनी मिळून मागवले होते. किंमत प्रत्येकी ४,२०० रुपये. तिन्ही नगांचा रंग खराब झाला आहे. ‘हाताळणीमुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही’ असं एका ओळीत कळवून तुमच्या प्रतिनिधीने आमची तक्रार बंद केली. ती पुन्हा उघडावी, कारण ही झीज हाताळणीची नाही.

हाताळणीने रंग जातो तो बोटं लागतात तिथला: नाकाचा शेंडा, खांद्याची कड, तलवारीची मूठ. तो हळूहळू विरळ होतो आणि त्याची कड धूसर असते. आमच्या पहिल्या दोन नगांवर या सगळ्या जागा शाबूत आहेत. रंग गेला आहे तो मांडीच्या वरच्या गोल भागाचा, जो खुब्याच्या वाटीत फिरतो आणि जिथे बोट पोहोचतच नाही. तिथे धारदार कडेचा, कमानीसारखा ओरखडा आहे आणि खालचं राखाडी प्लास्टिक उघडं पडलं आहे. फोटो क्रमांक १ ते ४ पाहावेत.

असं का झालं, ते फिगर हातात घेतल्यावर कळतं. मांडी राखाडी एबीएसमध्ये (कडक प्लास्टिकमध्ये) ओतून तिच्यावर निळा रंग फवारला आहे, पण रंगाच्या थरासाठी सांध्यात फट सोडलेली नाही. पाय पहिल्यांदा पुढे घेतला की वाटीची कड तो थर खरवडते. याच फिगरचे दंड मात्र निळ्याच प्लास्टिकमध्ये ओतले आहेत आणि तिथे एकही ओरखडा नाही. म्हणजे योग्य पद्धत तुमच्या कारखान्याला ठाऊक आहे. ती पायांना का लावली नाही, याचं उत्तर आम्हाला हवं आहे. निदान फवारताना सांध्याचा भाग झाकायला हवा होता.

गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथली पिन पीओएम प्लास्टिकची आहे. ते मुळातच गुळगुळीत असतं, सांध्यासाठी उत्तम, पण त्यावर रंग धरत नाही. तुम्ही पिनही रंगवली, त्यामुळे तिचे पापुद्रे सुटतात. शिवाय दुसऱ्या नगाचा उजवा गुडघा रंगाने चिकटलेलाच आला. रंग पुरता वाळण्याआधी जोडणी केली की असं होतं. आम्ही जोर लावला नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून अर्धा मिनिट ऊब दिली, तरी सांधा हलला नाही. मग पाय सुमारे ६० अंशांच्या पाण्यात एक मिनिट धरला आणि थोडाथोडा वाकवला. सांधा सुटला, पण आतून रंगाची गोल चकती निघून आली. तसाच पिळला असता तर पिन तुटली असती.

कोणतं रसायन वापरलं, असं तुम्ही विचारलं होतं. ॲसिटोन नाही, त्याने एबीएस विरघळतं. थिनर नाही, स्पिरिट नाही. फोटो काढून झाल्यावर गुडघ्यात सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडला, एवढंच.

तिसरा नग तर ट्रेमधून बाहेर काढलेलाच नव्हता. त्याचा केप, म्हणजे खांद्यांवरून पाठीवर सोडलेला झगा, मऊ पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेला प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो आणि टेकलेल्या जागेचा रंग सैल करतो. खांदे चिकट झाले आहेत आणि केपचा किरमिजी रंग पांढऱ्या खांद्यावर उतरला आहे. कोरड्या पांढऱ्या सुती फडक्याने पुसलं तर फडक्यालाही लागतो. टॉवेल-चादरींच्या या गावात कच्चा रंग कुणाला शिकवावा लागत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उष्णतेने ही क्रिया लवकर होते, हे आम्हाला मान्य आहे. पण केप आणि अंग यांच्यामध्ये पातळ पॉलिथिनचा कागद ठेवला की एवढं नुकसान होत नाही. तुमच्या खोक्यात तो नव्हता, आणि तापमानाबद्दलची सूचनाही नव्हती.

तुम्ही देऊ केलेली टच-अपची, म्हणजे गेलेल्या जागी लावायच्या रंगाची बाटली आम्ही घेणार नाही. अडचण सांध्यातल्या जादा थराची आहे. त्यावर आणखी एक थर चढवला तर तो पहिल्यापेक्षा लवकर सोलला जाईल.

आमची मागणी अशी: तिन्ही नग तुमच्या खर्चाने परत न्यावेत आणि दुसऱ्या बॅचमधले द्यावेत. पाठवण्यापूर्वी दोन्ही खुबे पुढे-मागे, दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून पाहावेत आणि तो व्हिडिओ आम्हाला पाठवावा. दुसऱ्या बॅचचेही पाय फवारलेलेच असतील, तर बदली नको. पूर्ण १२,६०० रुपये परत करावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

खोकी, ट्रे आणि निघालेली रंगाची चकती जपून ठेवली आहे. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर आधी कळवावे.

आपले,
तिघे ग्राहक, सोलापूर

सोबत: बिलाची प्रत, ११ फोटो, खोकी उघडतानाचा व्हिडिओ