स्वयंसेवकांचे गट पाडताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या आवारांत गेल्या काही वर्षांपासून ‘विविधता’ आणि ‘समावेशन’ या नावांनी कार्यक्रम होऊ लागले आहेत. त्याच आवारांत विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक समाजसेवेसाठीच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे रासेयोचे (एनएसएसचे), काम पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. या दोन गोष्टींच्या समित्या वेगळ्या, तारखा वेगळ्या, फलक वेगळे आणि अहवालही वेगळे असतात. या फारकतीमुळे विविधता देखाव्यापुरती उरते आणि सेवा हजेरीपुरती, याकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत विद्यापीठांचे लक्ष वेधावे असे वाटते. पुणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे रासेयोचा कार्यक्रम अधिकारी होतो आणि पुढे लिहिले आहे ते मुख्यतः त्या अनुभवातून आले आहे.

पुण्याच्या विद्यापीठीय जगात विविधता आणावी लागत नाही. ती आधीपासून आहे. नंदुरबारच्या पाड्यांवरून आलेली मुले आहेत, बीड-परभणीची आहेत, गडचिरोलीची आहेत, मणिपूर-मिझोरामची आहेत, आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून आलेले विद्यार्थी आहेत, ब्रेल आणि स्क्रीन रीडरवर अभ्यास करणारे दृष्टिहीन विद्यार्थी आहेत. प्रश्न असा की ही सारी मंडळी एका आवारात राहूनही एकमेकांच्या कामाला कधी येतात? विविधतेचा दिवस साजरा होतो तेव्हा फेटे बांधले जातात, ईशान्येकडच्या मुलींना त्यांचे नृत्य सादर करायला सांगितले जाते, परदेशी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडच्या पदार्थांचा स्टॉल लावायला सांगितला जातो, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जो तो आपापल्या टेबलावर जाऊन बसतो. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे (रासेयोच्या बिल्ल्यावरचे चक्रही कोणार्कच्या सूर्यमंदिराचेच आहे), म्हणून आमची मुले ओडिया भाषेतली चार वाक्ये पाठ करून मंचावर म्हणून दाखवत असत. वसतिगृहात एखादा ओडिया विद्यार्थी राहतो का, याची चौकशी मात्र कुणी केल्याचे मला आठवत नाही.

या फारकतीला कागदी कारणही आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या सात निकषांच्या मूल्यमापनात विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन केलेले काम, तिसऱ्या निकषात मोडत असे आणि सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक विविधतेबद्दलची आस्था सातव्या निकषात. दोन निकष म्हणजे दोन समन्वयक, दोन फायली आणि छायाचित्रांचे दोन संच. एकाच कामातून दोन्ही साधले तर ते नेमके कुठे दाखवायचे, असा प्रश्न आमच्या एका बैठकीत खरोखरच विचारला गेला होता आणि त्यावर बराच खल होऊन शेवटी दोन स्वतंत्र कार्यक्रम घ्यायचे ठरले.

सेवेची ही योजना कशातून आली हेही थोडे सांगायला हवे. विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी शिफारस १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. ती अमलात आली नाही. पुढे सक्तीऐवजी ऐच्छिक सेवेचा विचार रुजला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन रासेयो सुरू केली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर, असा तिचा सांगाडा आजही कायम आहे. ऐच्छिक ठेवणे योग्यच होते; पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना दुपारी सवड असते तेच स्वयंसेवक होतात. प्रात्यक्षिकांमुळे विज्ञानाची मुले येत नाहीत, रात्रपाळी करून शिकणारी येऊ शकत नाहीत, दृष्टिहीन किंवा अस्थिव्यंग असलेल्या विद्यार्थ्याला ‘तुला कशाला त्रास’ म्हणून कुणी विचारतच नाही, आणि परदेशी विद्यार्थी उद्घाटनाला पाहुणे म्हणून तेवढे पहिल्या रांगेत बसवले जातात.

शिबिरात हे सगळ्यात स्पष्ट दिसते. गावात पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी गट पडतात. गटांना गोदावरी, भीमा, कृष्णा, इंद्रायणी अशी नद्यांची नावे देण्याची आमच्याकडे प्रथा होती. ‘तुमचे तुम्ही गट करा’ असे म्हटले की दहा मिनिटांत एका वर्गाची, एका तालुक्याची, एका वसतिगृहाची मुले एकत्र होत. जातीचा उच्चार कुणी करत नसे, पण आडनावे वाचली की गट कसे पडले ते समजे. भोजन समितीत मुली आणि खोदकामाला मुले, हेही न सांगता ठरून जाई. नद्यांची नावे घेतलेल्या त्या गटांचा संगम सात दिवसांत कुठेच होत नसे.

पुढे आम्ही चिठ्ठ्या टाकून गट पाडू लागलो आणि प्रत्येक गटाला प्रत्येक काम पाळीने दिले. जातीचे किंवा प्रवर्गाचे दाखले बघून ‘मिश्र’ गट करावेत, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी त्याला ठाम विरोध केला, कारण मग गटातल्या प्रत्येकाला आपण कोणत्या रकान्यातून इथे आलो हे कळते आणि मिसळण्याचा हेतूच संपतो. चिठ्ठी आंधळी असते हाच तिचा गुण. पहिले दोन दिवस कुरबुरी झाल्या. शिबिरात अंडी चालतील का, कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळी करायची का, भाकरी थापता न येणाऱ्या मुलांनी भोजनाच्या पाळीत करायचे काय, यावर वादही झाले. ते वाद व्हायला हवेत असे माझे मत आहे. मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसल्याने जो वाद टळतो, तो परस्परांविषयीच्या अज्ञानासह तसाच शिल्लक राहतो.

एका वर्षी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचे काम होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडे सुतळीने शिवायची, आणि भिंतीत विटा बसवतात तशी सांधेमोड करत थर रचायचे. तळाशी रुंद, वर निमुळते. शहरातल्या मुलांनी उत्साहाने पोती काठोकाठ भरली. अशी पोती रचताना नीट बसत नाहीत, मधून पाणी झिरपते. गटात नंदुरबारकडचा एक मुलगा होता. वर्गात तो फारसा बोलत नसे आणि त्याच्या मराठीला हसणारेही होते. त्याने काही न बोलता दोन पोती रिकामी करून तीन-चतुर्थांश भरली, आडवी टाकून पायाने चेपली, फटीत चिकणमाती लिंपली, आणि बंधाऱ्याची जागाही दहा-बारा हात वर सरकवायला सांगितली, कारण तिथे ओढ्याचे पात्र अरुंद होते आणि दोन्ही काठ पक्के होते. त्यानंतरचे चार दिवस सगळे त्यालाच विचारत होते. आपल्या अहवालांत आदिवासी गावे ‘लाभार्थी’ या रकान्यात येतात. त्याच गावांतून आलेला विद्यार्थी आपल्या पथकात जाणकार म्हणून असू शकतो, याला त्या अहवालात रकानाच नसतो.

यात नवे काहीच नाही, आणि हे महाराष्ट्राला बाहेरून शिकावे लागावे याचेच आश्चर्य वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभारण्यास बळ दिले. त्या काळी ती वेगळी असणेच भाग होते, कारण एरवी अनेकांना शहरात पथारी टाकायलाही जागा मिळाली नसती. त्यांतल्याच एका वसतिगृहात, जैन बोर्डिंगमध्ये, राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढची पायरी गाठली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली आणि एकत्र राबली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांना एकत्र बसवून समतेवर व्याख्यान देणे कर्मवीरांना सोपे होते. त्यांनी त्याऐवजी कुदळ आणि स्वयंपाकाची पाळी मुलांच्या हाती दिली. आज विद्यापीठांत चालणारी ‘कमवा व शिका’ योजना त्याच विचारातून आली आहे, पण तिच्याकडे आता केवळ गरीब विद्यार्थ्यांची आर्थिक सोय म्हणून पाहिले जाते. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून ज्यांचे नाव आहे त्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन ससाणे मळ्यातील दवाखान्यात गेल्या, हे आपण दर जयंतीला ऐकतो. त्यात सेवा कोणती आणि भेद ओलांडणे कोणते, असे दोन निकष काढता येतील का?

आता सेवा कुठे करायची, याविषयी. दत्तक गावात जाणे आवश्यक आहेच आणि आषाढी वारीच्या वाटेवर स्वच्छतेसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांचे मी मनापासून कौतुक करतो. परंतु आवाराच्या आत जी गरज रोज समोर असते ती आपण सेवेत मोजत नाही. सर्वांत मोठे उदाहरण लेखनिकाचे, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून घेणाऱ्याचे, आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळेचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागाही राखून ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात परीक्षेच्या आठवडाभर आधी हे विद्यार्थी व्हॉट्सॲप गटांवर लेखनिकासाठी विनवण्या करताना दिसतात. ठरलेला लेखनिक आदल्या रात्री नाही म्हणतो. जो येतो त्याला विषयातले शब्द लिहिता येत नाहीत, किंवा तो इंग्रजी माध्यमाचा असल्याने मराठी जोडाक्षरांशी अडखळतो आणि उत्तर सांगणारा प्रत्येक शब्द फोडून सांगत बसतो. जादा मिळालेली वीस मिनिटे अशी शुद्धलेखनात जातात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा अशी साधारण अपेक्षा असल्याने हे काम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तम जमण्यासारखे आहे, आणि शंभर स्वयंसेवकांच्या एका एककात त्याला वीस-पंचवीस जण सहज मिळतील. त्यांना सत्राच्या सुरुवातीपासून त्या विद्यार्थ्यांसोबत वाचायला बसवले, तर परीक्षेपर्यंत दोघांनाही एकमेकांची लय कळलेली असेल.

तीच गोष्ट शिष्यवृत्तीच्या अर्जांची. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज आधार-बँक जोडणीसाठी किंवा जातपडताळणीच्या कागदासाठी अडकला की खेड्यातून आलेले मूल आठवडेच्या आठवडे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते. आदल्या वर्षी हेच सोसलेले विद्यार्थी या कामातले खरे तज्ज्ञ असतात. त्यांचा मदतकक्ष सेवेच्या तासांत धरायला काय हरकत आहे? परदेशी आणि परप्रांतीय विद्यार्थ्यांना बोलण्यापुरते मराठी शिकवणे आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून इंग्रजीचा किंवा त्यांच्या भाषेचा सराव घेणे, हेही त्याच धर्तीवर होऊ शकते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या आराखड्यात सहअभ्यासक्रम म्हणून रासेयोला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. यात एक धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. श्रेयांकासाठी तास मोजले जातात आणि तास भरायचे म्हणून स्वयंसेवकांना मंत्र्यांच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला, रांगोळ्या काढायला, सभागृह भरलेले दिसावे म्हणून मागच्या रांगांत बसायला पाठवले जाते. हे तास सेवेत धरणे बंद व्हावे. त्याऐवजी लेखनिकाचे, वाचनाचे, मदतकक्षाचे तास धरावेत आणि त्यांची नोंद ज्याला मदत झाली त्या विद्यार्थ्याच्या सहीने व्हावी. जिओ-टॅग केलेल्या, म्हणजे स्थळाची नोंद असलेल्या, छायाचित्राने नव्हे. त्यासाठी काही तास संध्याकाळी आणि रविवारी ठेवावे लागतील, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्यांनाही येता येईल. कार्यक्रम अधिकाऱ्यांवर शंभर विद्यार्थ्यांचा भार असतो आणि त्यांना अध्यापनातून फारशी सूट मिळत नाही, त्यामुळे हे सारे त्यांच्याच गळ्यात टाकू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनुसार समान संधी कक्ष स्थापन झालेले आहेत. त्यांनी आणि रासेयो विभागाने एकच नोंदवही ठेवली तर निम्मे काम हलके होईल.

हिवाळी सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि विशेष शिबिरे त्यानंतर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. तेव्हा लेखनिकांची नोंदणी सप्टेंबरअखेर पुरी व्हायला हवी आणि शिबिरांच्या गटांसाठी चिठ्ठ्या टाकण्याची सूचना शिबिराच्या मंजुरीपत्रासोबतच महाविद्यालयांना जायला हवी. यासाठी कोणताही नवा निधी लागत नाही; विद्यापीठाच्या रासेयो विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक व माजी रासेयो कार्यक्रम अधिकारी,
पुणे