निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव चारचौघांत घेतलेले आपल्याला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या, सुईला घाबरणाऱ्या एका वयस्क विडी कामगार बाईचे रक्त आपण घेतले होते. त्या बाईची मी मुलगी.

रूमॅटिक तापाने आईच्या हृदयाची मायट्रल झडप निकामी झाली आणि तिथे यांत्रिक झडप बसवावी लागली. रात्री घर शांत झाले की तिची टकटक शेजारी झोपलेल्या मला ऐकू येते. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून आईला असिट्रॉमची गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि गोळीची मात्रा बरोबर बसते आहे की नाही, हे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आकड्यात सांगणाऱ्या आयएनआर तपासणीवरूनच ठरते. मायट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्यांचा हा आकडा साधारण २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवतात. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, वर चढला तर रक्तस्रावाची. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आईला का देत नाही, असे शेजारी आपुलकीने विचारतात, पण यांत्रिक झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. म्हणजे आईच्या जिवाचा भरवसा कायम या तपासणीसाठी रक्त घेतात त्या निळ्या झाकणाच्या एका नळीवरच आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही जिथे जात होतो, तिथे ही नळी कोणी गांभीर्याने घेतलीच नाही. शीर सापडेना, तेव्हा आईवरच वैतागून अर्धवट भरलेली नळी तशीच पुढे पाठवली गेली आणि अहवालात आयएनआर ४.८ आला. डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून गोळी थांबवली, आणि यात त्यांचा काय दोष? हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर एकही काळानिळा डाग नाही, मग रक्त इतके पातळ कसे, असे मी तिथे विचारले, तेव्हा ‘मशीनने दिलेला आकडा आहे’ एवढेच ऐकवण्यात आले. पुढे आपल्याकडे तपासणी झाली, तेव्हा तोच आकडा १.६ निघाला. त्या मधल्या काळात झडपेवर गुठळी धरली नाही, ही सिद्धेश्वरांची कृपा.

आपल्याकडेही पहिल्या वेळी रक्त मध्येच थांबले. आपण नळी उजेडात धरली, तिच्यावरची बारीक रेघ आईला बोटाने दाखवली आणि म्हणालात, “आई, रक्त इथपर्यंत आलं नाही, तर आकडा खोटा येईल. खोटा आकडा मी तुम्हाला देणार नाही.” मग ती नळी बाजूला टाकून आपण आईचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब दिलीत आणि पुन्हा रक्त घेतलेत. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेले सायट्रेट नऊ भाग रक्ताला एक भाग या हिशोबाने घातलेले असते. रक्त कमी पडले की सायट्रेट जास्त होते, रक्त गोठायला उशीर लागतो आणि आयएनआर उगाच वाढलेला दिसतो, हेही आपण रांग खोळंबलेली असताना आम्हाला समजावलेत.

ताई, माझ्या आईला अक्षरओळख नाही. आजवर तिच्या आजाराविषयी सगळे जण तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत आले; आपण मात्र ती रेघ तिला दाखवलीत. प्रयोगशाळा बदलली की आकडा बदलू नये, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची पद्धत जगभरासाठी स्वीकारली, असे मी नंतर वाचले. पण एवढी मोठी व्यवस्थासुद्धा शेवटी नळी भरणाऱ्या माणसाच्या सचोटीवरच उभी असते. कोणी पाहत नसताना अपुरी नळी नाकारणारी माणसे आपल्या गावात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

आता रक्त देताना आई सुईकडे पाहत नाही, नळीकडे पाहते, आणि रेघ भरली की स्वतःच “झालं” म्हणते. शेजारच्या एका काकूंनाही असिट्रॉम चालू आहे. त्यांना तिने ही रेघ समजावून सांगितली आहे, आणि पुढच्या तपासणीला त्या आमच्याबरोबर आपल्याकडे येणार आहेत. त्यांचीही शीर लवकर सापडत नाही, तेवढे त्यांना सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका आईची मुलगी, सोलापूर