लॅपटॉपच्या जाहिरातीत वॅटही छापा

मा. संपादक,

लॅपटॉपच्या जाहिरातींत ‘कोअर आय५, बारावी पिढी’ एवढेच छापलेले असते. ग्राहकाची दिशाभूल इथेच होते. इंटेलचे १२३५यू आणि १२४०पी हे दोन्ही प्रोसेसर त्यातच मोडतात. कमाल वेग दोघांचाही ४.४ गिगाहर्ट्झ, कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १२ एमबी. मात्र ‘यू’मध्ये २ मोठे व ८ छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), मूळ वीजमर्यादा १५ वॅट, ‘पी’मध्ये ४ मोठे, ८ छोटे आणि २८ वॅट. टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग यांत फरक जाणवत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टसारख्या लांबणाऱ्या कामात ‘पी’ पुढे जातो, तोही कूलिंग चांगले असेल तरच. पातळ लॅपटॉपमध्ये तो तापून वेग उतरवतो आणि जादा मोजलेले पैसे फुकट जातात.

दुकानात एकदाच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवून काहीही कळत नाही, कारण सुरुवातीला १२३५यूसुद्धा ५५ वॅटपर्यंत वीज खेचू शकतो. सिनेबेंच ही चाचणी सलग १० मिनिटे चालवा. आधी चार्जर लावून, मग काढून. शेवटच्या गुणांना एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधील ‘सीपीयू पॅकेज पॉवर’च्या (प्रोसेसरने खेचलेल्या विजेच्या) सरासरीने भागा, म्हणजे दर वॅटमागे किती काम होते ते कळेल. रॅमची एकच पट्टी असेल तर ग्राफिक्स मंदावते, तेही तपासा. प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि त्या मॉडेलला दिलेली वीजमर्यादा जाहिरातीत छापणे कंपन्यांना सक्तीचे करावे.

– एक वाचक