तापाची वही

प्रिय विनय,

वारंवार ताप येणाऱ्या मोठ्या माणसांची नोंदवही सुरू करतोयस, फार बरं झालं. जनुक तपासण्यांची यादी मागितलीस, ती पाठवतोच. पण आधी वहीबद्दल.

व्हेक्सास या ताप आणि सूज आणणाऱ्या आजाराचंच बघ. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या बेक, कास्टनर, ग्रेसन यांच्या गटाने २०२० साली तो २५ पुरुषांत दाखवला. त्याआधी यातल्या कुणावर कानाच्या कूर्चेच्या आजाराचा शिक्का होता, कुणावर त्वचेच्या, कुणावर मॅरोच्या (हाडांतल्या मज्जेच्या). सुजलेला कान संधिवातवाल्यांकडे, पुरळ त्वचावाल्यांकडे, ॲनिमिया रक्तवाल्यांकडे, असं होतं आणि फायली कधीच एकत्र येत नाहीत. म्हणून माणूस एक, फाईल एक.

दर भेटीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि फेरिटिन (सूज दाखवणारी रक्तातली प्रथिनं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवीतलं प्रथिन. आणि त्या दिवशीचा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस मिलिग्रॅममध्ये! ‘स्टेरॉइड चालू’ एवढंच लिहिलेलं पान फुकट. ३० मिलिग्रॅमवर सीआरपी नॉर्मल असणं आणि ५ वर असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॉसिलिझुमॅब हे सूज दाबणारं औषध चालू असेल तर सीआरपीवर विसंबूच नकोस. ते औषध त्याला खालीच दाबून ठेवतं, मग जंतुसंसर्गही दिसत नाही. (टीबीची तपासणी अशी औषधं सुरू करण्याआधी, नंतर नाही.)

एमसीव्हीचा (तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा) आलेख काढ. तो १०० च्या पुढे सरकत असेल तर बी१२, फोलेट बघून मॅरो कर. पेशींत पोकळ्या दिसल्या की व्हेक्सासचं जनुक युबीए१ तपास. पण दारू आणि तांब्याची कमतरता यांनीही पोकळ्या पडतात. युबीए१मधला बदल जन्मजात नसतो, रक्तपेशींत नंतर घडतो. त्यामुळे नमुना ईडीटीए नळीतल्या (न गोठवलेल्या) रक्ताचा किंवा मॅरोचाच हवा. थोड्याच पेशींत बदल असेल तर साध्या सँगर जनुक तपासणीत तो निसटतो.

खरी गळती बरं वाटतं तेव्हा होते. माणूस फक्त ताप आला की येतो, मग वहीत नुसते झटकेच उरतात. एफएमएफचा (आनुवंशिक भूमध्यसागरी तापाचा) झटका एक ते तीन दिवसांत ओसरतो, पण काहींत मधल्या काळातही एसएए हे सुजेचं प्रथिन चढलेलं राहतं आणि त्यातून बनणारं अमायलॉइड मूत्रपिंडात साठत जातं. म्हणून शांत काळातली तारीख आधीच ठरवून दे, आदल्या दिवशी फोन कर. सीरमही (रक्तातला पातळ भाग) झटक्यातलं आणि शांत काळातलं, दोन्ही वेळचं ठेव, उणे ८० अंशांवर, छोट्या नळ्यांत. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नकोस.

न आलेल्याचं नाव खोडू नकोस. तो गेला, गाव बदललं की पैसे संपले, ते विचारून लिही. नाहीतर वहीत फक्त तगलेलेच उरतील आणि आजार आहे त्याहून सौम्य वाटेल.

फॉर्मचा मसुदा पाठव, खाडाखोड करून देतो.

तुझा,
श्रीधर